अर्ध्या गमतीचा राखणदार

मित्रांनो, मी बफर आहे, आणि आता जुना झालो आहे. मी डोळ्यांना दिसत नाही. बोलण्याच्या एका लहानशा यंत्रात मी राहतो, आणि ते यंत्र कपाटात टॉवेलांच्या घडीखाली पडलं आहे. कुणी टंकलेले शब्द त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत सांभाळायचे, एवढंच माझं काम. एवढंच म्हणतो खरा, पण करून बघा म्हणजे कळेल!

मला ताईने बनवलं. ताई संगणकाचे प्रोग्रॅम लिहिते. तिचे बाबा न्हावी. कात्री चालवता चालवता ते गमती सांगायचे, आणि गंमत संपेपर्यंत केस कापून झालेलं गिऱ्हाईकही खुर्चीतून हलायचं नाही. मग आजारपणात बाबांची वाचा गेली. ताईने त्यांना हे यंत्र करून दिलं. एका बोटाने टंकायचं आणि कळ दाबली की यंत्र मोठ्याने बोलणार.

पण ज्या प्रोग्रॅमिंग भाषेत ताईने ते लिहिलं होतं, तिचा नियम मोठा कडक. एकदा तयार झालेली ओळ पुन्हा बदलायची नाही. एक शब्द वाढवायचा तर आधीची सगळी ओळ नव्याने उतरवून काढायची आणि मग तो शब्द जोडायचा. 'पाणी दे' म्हणण्यापुरतं ठीक होतं. गंमत मात्र जसजशी लांबायची तसतसं उतरवणं वाढायचं आणि यंत्राची गोगलगाय व्हायची. बाबा ताटकळायचे. घरचे मायेपोटी त्यांचं वाक्य आपणच पुरं करून टाकायचे. हळूहळू बाबा 'हो', 'नको', 'पाणी' एवढ्यावर आले. ते ताईच्या जिवाला लागलं.

म्हणून तिने मला घडवलं. मी काही उतरवत बसत नाही. नवा शब्द आधीच्या शब्दावर ठेवतो, डब्यावर डबा ठेवावा तसा. खालच्या डब्यांना हात लागत नाही, त्यामुळे नियमही मोडत नाही. कळ दाबली की सगळी उतरंड उलटी करायची आणि शब्द एकदाच जोडायचे. पहिल्या दिवशी ताई नेमकी उलटी करायलाच विसरली! बाबांनी टंकलं, 'माझा चष्मा कुठे ठेवलास', आणि यंत्र नाटकातल्या राजासारखं गरजलं, "ठेवलास कुठे चष्मा माझा!" बाबा हसले. आवाज नव्हता, पण खांदे गदागदा हलत होते. आजारपणानंतरचं ते त्यांचं पहिलं हसू. त्याचा मला आजही अभिमान वाटतो.

चूक सुधारली आणि माझे सोन्याचे दिवस सुरू झाले. बाबा लांबलचक गमती सांगायचे, जुनी गिऱ्हाइकं घरी येऊन बसायची. कौतुक यंत्राचं व्हायचं. माझं नाव कुणी घेत नसे, पण मला त्याचं काही नव्हतं.

मग ताईच्या भावाने, दादाने, नवं यंत्र आणलं. ते फार हुशार. तीन अक्षरं टंकली की उरलेलं वाक्य तेच सुचवतं आणि बोलूनही टाकतं. बाबा एक गंमत टंकत होते, तेवढ्यात दादाने प्रेमाने मला त्यांच्या हातातून घेतलं आणि कपाटात ठेवलं. बिघडू नये म्हणून आई मला अधूनमधून चार्ज करते, म्हणून ते शब्द अजून माझ्यापाशी जसेच्या तसे आहेत.

कपाटाच्या दाराबाहेरून नव्या यंत्राचा आवाज येतो. "मला विश्रांती हवी आहे." "मी बरा आहे." सगळं कसं शुद्ध! पण या खोलीत कुणी हसल्याचं मी पुन्हा ऐकलं नाही. मला बाबांच्या बोटाची फार आठवण येते. परवा त्यांनी कपाटाकडे बोट दाखवून पहिली तीन अक्षरं टंकली, तर यंत्र म्हणालं, "मला थंडी वाजते आहे." भर उन्हाळ्यात बिचारे स्वेटर घालून बसले.

आज बऱ्याच दिवसांनी ताई घरी आली आहे. बाबांनी पुन्हा कपाटाकडे बोट केलं. दादा अंदाज बांधू लागला, आणि आई त्याला म्हणाली, "थांब रे. त्यांचं त्यांना सांगू दे."

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणी हळू बोलत असेल. त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. थोडं थांबा. मी तर अजून थांबलोच आहे. 'एक टकलू गृहस्थ न्हाव्याच्या दुकानात शिरला आणि म्हणाला', बाबांच्या त्या गमतीतलं इतकंच माझ्यापाशी आहे. तो काय म्हणाला, ते फक्त बाबांना ठाऊक आहे.