केशरबाईची बकरी आणि कोंबडेबाबाचे ताईत

इंझोरीच्या अलीकडच्या तांड्यात त्या दिवशी माणसांपेक्षा कोंबड्यांची गर्दी जास्त होती. जो तो आपली कोंबडी काखेत दाबून लिंबाखाली रांगेत उभा, कारण कोंबडेबाबा ताईत बांधत होता. तोही माणसाला नाही, कोंबडीच्या पायाला! बहात्तरच्या दुष्काळातून तांडा कसाबसा वाचला, पण अक्कल मात्र तेव्हाच वाळून गेली, असं रामीबाईचं स्पष्ट मत होतं.

रामीबाई रांगेत नव्हती. कोपरापर्यंतच्या बांगड्या मागे सारत ती बाजूला उभी होती, आणि तिच्या पाठीशी तिची नवी सून चंदाबाई, घुंगट खाली ओढून. वैशाखात उदयसिंगाचं लग्न झालं, चंदा घरात आली आणि त्याच आठवड्यापासून आळीतल्या कोंबड्या भरदुपारी नाहीशा व्हायला लागल्या. रामीबाईच्या चार गेल्या, तांड्याचा प्रमुख असलेल्या नाईकाच्या पाच. "नवी सून पांढऱ्या पायाची दिसते," असं कुणीतरी पाणवठ्यावर पुटपुटलं, आणि मग कुणीतरी बाबालाच घेऊन आलं.

बाबा आठवड्यापूर्वी गिरनारहून आला म्हणे. बोलायचा हिंदीत, पण जेवायला बसला की हळूच विचारायचा, "ठेचा हाय काय वं बाई?" त्याच्या झोळीतला लाल अंगारा हिमालयातला होता. तसलाच गेरू शेलूबाजारात उत्तमचंदाच्या दुकानात पोत्याने मिळतो, हे रामीबाईला ठाऊक होतं. शिवाय बाबाला रोज एक कोंबडी नैवेद्याला लागायची. चोर तीन दिवसांतून एक न्यायचा, म्हणजे चोर परवडला!

"अलख निरंजन!" बाबा गरजला. "आज मुर्गी खुद बोलेगी! जिस के पाप से मुर्गियाँ जाती हैं, उस का नाम लेते ही इस के प्राण निकल जाएंगे!"

बाबाने रांगेतल्या उदयसिंगाच्या काखेतून रामीबाईचीच तांबडी कोंबडी उचलली. "दौलतसिंग नाईक!" म्हणाला आणि तिला जमिनीवर सोडली. कोंबडी पंख झटकून चालू लागली. "केशरबाई!" पुन्हा सोडली, पुन्हा चालली. मग बाबाने डोळे फिरवले, कोंबडी आडवी केली, तिची मान मातीला लावली, चोचीपासून पुढे गेरूची एक लांब रेघ ओढली आणि हलकेच म्हणाला, "चंदाबाई."

बाबाने हात काढून घेतला. कोंबडी हलेना की डुलेना, पाय ताठ करून मेल्यागत पडून राहिली. बायांनी तोंडावर हात ठेवले. "मेली वं माय!" बाबाने सावकाश टाळी वाजवली, "जा, प्राण वापस!" आणि कोंबडी टुणकन उठून पळाली. साऱ्या लिंबाखाली जयजयकार झाला.

निकाल लागला. अमावस्येच्या आत सुनेला माहेरी धाडायचं, कायमचं. अमावस्या चार दिवसांवर होती. दौलतसिंग नाईकाने मान हलवली, आणि तांड्यात नाईकाची मान हलली की गोष्ट संपली. उदयसिंग पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला.

"नाईक," रामीबाई पुढे झाली, "मी तिची सासू हाय. तिले बोलायचा मान माया हाय. मी रोज दहा शिव्या देते, थे वेगळं. पन ह्या झोळीवाल्यानं माया सुनेले काहून नाव ठेवाव?"

"रामीबाई, कोंबडी मेली न् वं सर्वाइच्या डोयादेखत!"

"मेली थे उठून पळाली कशी?"

नाईक खोकला आणि फेटा सारखा करत घराकडे वळला.

घरी आल्यावर चंदा गुपचूप कपड्यांचं गाठोडं बांधायला बसली. रामीबाईला ते पाहवेना. पोरगी कामाची होती, हसरी होती, आणि रामीबाईला ती आवडायला लागली होती. हे तिने अजून कुणाला कळू दिलं नव्हतं, एवढंच.

"याडी," आईला मारावी तशी चंदाने हळूच हाक मारली, "एक सांगू? थो कोंबडीचा खेळ आमच्या तांड्यात पोट्टेही करतात."

"कोनता खेळ?"

चंदाने तीच तांबडी धरली, आडवी केली, अलगद मान दाबली, कोळशाने चोचीपुढे रेघ ओढली आणि हात काढला. कोंबडी मेल्यागत पडून राहिली. "दाबून धरली की भेवानं अशीच थिजते. थोड्या वक्तानं आपोआप उठते. नाईकाच्या नावाले त्यानं तिले नुसती सोडली. माया नावाले मान दाबली."

"मंग तिथंच काहून नाई बोलली, बह्याडे?"

"बोलली असती तर म्हनले असते, इले बी जादू येते."

पोरीचं खरं होतं. आणि बाबाचा खेळ उघडा पाडूनही एक प्रश्न उरतच होता. कोंबड्या तर खरोखरच जात होत्या. चोर सापडल्याशिवाय सून वाचणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी रामीबाई ओट्यावर बसली आणि सगळी आळी डोळ्यांनी चाळून काढली. प्रत्येक घरचं काही ना काही गेलं होतं. फक्त शेवटच्या घरच्या केशरबाईच्या अकराच्या अकरा कोंबड्या ठणठणीत होत्या.

"माया घरी बाबा जेवते न्," केशरबाई तोऱ्यात म्हणाली. "त्याचे ताईत हाईत माया कोंबड्याइले."

पण बाबा आल्या दिवशी नाईकाकडेही जेवला होता, ताईत तिथे तेव्हापासूनच होते, आणि तिथल्या दोन कोंबड्या ताइतासकट गेल्या होत्या. मग केशरबाईच्या अंगणात असं वेगळं काय होतं? रामीबाईने पाहिलं. कोंबड्यांच्या मधोमध भुरी उभी होती. केशरबाईची म्हातारी, एकशिंगी, तिरसट बकरी. तिने आजवर नाईकाचं धोतरही फाडलं होतं.

आणि रामीबाईने कपाळावर हात मारून घेतला. बकऱ्या! पूर्वी आळीतल्या प्रत्येक अंगणात बकऱ्या नि कोंबड्या एकत्रच असायच्या. निम्म्या बकऱ्या दुष्काळात विकल्या गेल्या. उरलेल्या? उरलेल्या तिच्याच पोराच्या लग्नात, तीन दिवसांच्या पंगतीत, सगळ्या तांड्याने बोटं चाटून खाल्ल्या! फक्त भुरी वाचली, कारण हिला शिजवायला दोन गाड्या लाकूड लागेल, असं आचारी म्हणाला होता.

आता भुरी मिळवायची कशी? खरं सांगून केशरबाईने ती दिली नसती. रामीबाईने चेहरा पाडला आणि तिच्या दारात गेली. "केशर, निघून जानाऱ्या सुनेनं तीन दिस म्हाताऱ्या बकरीच्या पाया पडाव लागते. नाई तं दोष शेजारी जाते म्हनते."

"शेजारी?" केशरबाई दचकली. "ने बाई, आत्ताच ने!" कुणी सांगितलं, कुठे लिहिलंय, असं तिने एका शब्दाने विचारलं नाही.

घरी येताच रामीबाईने उदयसिंगाने रांगेत उभं राहून बांधून आणलेले कोंबड्यांचे ताईत काढून टाकले. एक उसवून पाहिला, तर आत एसटीच्या जुन्या तिकिटाचा कपटा निघाला! चंदाला तिने अंगणाच्या मधोमध बसवलं. "पाय पसर. पह्यले थे पांढरे पाय कोंबड्याइले दिसू दे."

पहिला दिवस सरला, एक पीसही हललं नाही. दुसऱ्या दुपारी काट्यांच्या कुंपणाखालच्या बोळातून एक लांबट करडं तोंड आत आलं. मुंगूस! कोंबड्या कलकलत भुरीच्या पोटाखाली शिरल्या. भुरीने फुर्रर्र केलं, पुढचा खूर दणकन आपटला आणि एकुलतं शिंग खाली घालून धावली. मुंगूस आलं तसं मागे फिरलं. चंदा खुदकन हसली. लग्नानंतर रामीबाईने तिचं असं मोकळं हसू पहिल्यांदाच ऐकलं.

घटकाभरात शेवटच्या घरातून बोंब उठली. "धावा वं! माई कोंबडी!"

सगळा तांडा धावला, बाबाही धावला. केशरबाईच्या कुंपणापाशी अर्धवट खाल्लेली कोंबडी पडली होती. मुंगसाने जे खायचं ते खाल्लं होतं. पायातला ताईत तेवढा जागच्या जागी होता.

"देखा!" बाबा ओरडला. "उस औरत की छाया यहाँ तक आ गई!"

"थांबा महाराज," रामीबाई म्हणाली. "चंदा दोन दिस माया अंगनात बसून हाय. माया एका कोंबडीच्या पायात ताईत नाई, अन् साऱ्या जित्या हाईत. हिची छाया काय घरच्या कोंबड्या राखते अन् शेजारच्या खाते?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"ताईत इथं होता, कोंबडी गेली. बकरी तिथं होती, कोंबड्या राह्यल्या. अन् मुंगूस आमी दोघीनं डोयानं पाह्यलं. आता तुमचा न्याय बी पाहू. चंदे, तांबडी आन!"

चंदा घरून तांबडी घेऊन आली. कोंबडी तिने नीट आडवी केली, मान टेकवली, बोटाने मातीत रेघ ओढली. मग घुंगट वर सारला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "कोंबडेबाबा!"

कोंबडी मेल्यागत पडली. सगळा तांडा पोट धरून हसला.

"न्याय झाला," रामीबाई म्हणाली. "आता माहेरी तुमी जा महाराज. गिरनारले!"

बाबाने झोळी उचलली. नेमकी तेव्हाच दावं तोडून भुरी आपल्या घरी परतत होती, आणि बाबा तिच्या वाटेत होता. "अवं बाई, धरा वं तिले! मारते न् वं थे!" शुद्ध वऱ्हाडीत बोंबलत गिरनारचा साधू शेलूबाजाराच्या रस्त्याला लागला.

दौलतसिंग नाईक चंदापुढे येऊन उभा राहिला. "बेटी, चुकलो मी."

"सारेच चुकलो," रामीबाई म्हणाली. "राखनदार आपनच खाल्ले, हाडं चोखली, अन् खापर पोरीवर फोडलं!"

एवढ्यात केशरबाई हळदकुंकवाचं ताट घेऊन भुरीकडे निघालेली दिसली. रामीबाईने ताट हिसकावलं. "अवं, आता इले देवी करतं काय? जनावर हाय थे. मुंगसाले, मांजरीले आडवते. उद्या लांडगा आला तं पह्यले हेच जाईल! थो कुंपनाचा बोळ काट्यानं बुजव. अन् सारे आयका. कोंबडी गेली तं पह्यले कुंपन पाहाव. थे नीट पाह्यलं, तं कोनाच्या सुनेचे पाय पाहाची पाळीच येत नाई."

ती वळली तर चंदा तिथेच उभी, डोळे पुसत.

"उभी काय राह्यली, बह्याडे? घरी जाय. थे गाठोडं सोड, अन् भाकरी टाकाले लाग!"

ही त्या दिवसाची पहिलीच शिवी होती, आणि ती ऐकून चंदा पळतच घरी गेली.