वधूपक्ष, वरपक्ष आणि मधली भिंत

भागूबाईंच्या शेवगावातल्या मंगल कार्यालयात वरपक्ष रुसून बसला, आणि सोनईच्या फैयाजला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता दुसऱ्याच्या लग्नात भांडण लागल्यावर खूश होणाऱ्याला काय म्हणावं? पण त्याचीही बाजू ऐका.

फैयाज पुण्यात जिप्समच्या बोर्डांच्या भिंती उभ्या करायचा. महिन्यातून एकदा घरी यायचा, तेव्हा पोटची लेक त्याला पाहुणा समजून आईच्या मागं लपायची. शेवटी त्यानं ठरवलं, आपलं काम आपल्या मुलखात करायचं. पण मुलूख ऐकतोय होय! जो तो बोर्डावर टिचकी मारायचा आणि हसायचा, "पोकळ हाय की रं!" या महिन्यात काम मिळालं नाही तर परत पुणं, असं तो बायकोला, अफ्रीनला, सांगून चुकला होता. तिनं मुकाट्यानं त्याची पिशवी भरायला घेतली होती, आणि त्याला तेच जास्त लागलं होतं.

तर हे लग्न त्याच्या दोस्ताच्या बहिणीचं. वरच्या मजल्यावर एकच लांब खोली, मधे पडदा. अलीकडं नवरीकडचे, पलीकडं नवऱ्याकडचे. नवरीची मावशी अलीकडं म्हणाली, "नवरदेव ठीक हाय, पण करवलीचा तोरा बघा!" करवली पलीकडंच केस विंचरत होती. झालं! सगळं लग्न तिची समजूत काढायला धावलं, आणि हा पठ्ठ्या खिशातली टेप काढून पडद्याची जागा मोजत बसला.

अक्षता पडल्यावर त्यानं भागूबाईंना गाठलं.

"काकू, इथं भिंत घाला."

"विटांची घालणारच हुते. पन स्लॅबवर वजन नको म्हनतात. अन् पुढच्या आठवड्यात दोन लग्नं हायती. सिमेंट कवा वाळायचं?"

"माझी भिंत हलकी. पाणी न्हाई, वाळवणं न्हाई. तीन दिवसांत उभी करतो."

"पुठ्ठ्याची?" भागूबाईंनी नाक मुरडलं.

"आवडली न्हाई तर काढून घेऊन जाईन. एक पैसा मागणार न्हाई."

म्हणाला खरा, पण फसलं तर भुर्दंड त्याचाच. माल उधारीचा होता. तरी पत्र्याची चौकट उभारली, दोन्ही अंगांनी दुहेरी बोर्ड मारले, मधे आवाज गिळणारी जाड लोकर ठासली, सांधे भरले.

भागूबाई आल्या. टिचकी मारली नाही, देवाची कृपा. नवऱ्याला, सूर्यभानरावांना, त्यांनी पलीकडं पाठवलं, दार लावायला सांगितलं आणि पदर खोचून सुरू झाल्या. घोरणं काढलं, चोरून खाल्लेली जिलबी काढली, त्यांच्या बहिणी काढल्या. तीस वर्षांचं साचलेलं सगळं बाहेर आलं. फैयाज कानाला हात लावून उभा. आता काकांनी ऐकलं तर भिंतही गेली आणि संसारही गेला!

दार उघडलं. सूर्यभानराव प्रसन्न मुद्रेनं बाहेर आले.

"काय गं, आरती म्हनत हुतीस व्हय?"

भागूबाई हसून हसून खाली बसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "खालच्या दोन्ही खोल्यांतबी घाल. अन् माझ्या भावाचं कार्यालय हाय नेवाशात, त्याला आत्ताच फोन लावते."

सूर्यभानरावांनी फैयाजला हळूच बाजूला घेतलं. "आधी माझ्या घरी घाल बाबा. स्वयंपाकघराला लागून."

फैयाज जिन्यात आला. फोन लावला. अफ्रीनला त्यानं एका दमात सगळं सांगून टाकलं. तिनं एवढंच विचारलं,

"मग आज जेवायला घरी येणार?"

"रोज," फैयाज म्हणाला.