बुधवारी उत्तरेला जायचं नाही

विशालाक्षीच्या घरात आठवडाभर एकच भांडण शिजत होतं आणि शिट्ट्यांवर शिट्ट्या होऊनही ते मऊ पडत नव्हतं. चेन्नैच्या बाजूला पाण्याचं आणि पाळण्यांचं एक मोठं पार्क आहे, तिथे नातवंडांना न्यायचं. हरिता सात वर्षांची, कल्याणराम चार वर्षांचा. वर्गातली निम्मी पोरं जाऊन आली म्हणून हरितानं जेवण सोडलं होतं. म्हणजे भात सोडला होता, मुरुक्कूची चकली चालू होती.

संध्याकाळी मुलगा सतीशकुमार आणि सून दिव्यश्री ओसरीवर मोबाइल धरून बसत. विशालाक्षी त्यांच्याकडे पाठ करून शेवग्याचा पाला निवडत बसे. तोंड इकडे, कान तिकडे.

"शुक्रवारी निघू," सतीश म्हणाला.

"शुक्रवारी घरची लक्ष्मी बाहेर काढतात होय रे?"

"बरं, शनिवारी."

"अमावास्या."

"अम्मा, इथे गाव सगळा अमावास्या चांगली म्हणतो. नवी दुकानं उघडतात त्या दिवशी!"

"तमिळांची उघडू देत. आपण मराठी माणसं."

सतीशनं सुस्कारा टाकला. "मग त्यापुढचा बुधवार. गर्दी नसते, मला रजा आहे, पोरांना सुट्टी आहे. ठरलं."

"बुधवारी उत्तरेला दिशाशूळ. चेन्नै काय दक्षिणेला गेलं? शूळाच्या तोंडावर लेकरं नेतोस?"

"शूळ तर तू तमिळ कॅलेंडरात बघतेस की गं! अमावास्या आली की तू मराठी, शूळ आला की तू तमिळ. एक पंचांग तरी धर!"

विशालाक्षीनं पाल्याची काडी अशी मोडली की जणू ती सतीशचीच मान. तिनं आवाज वाढवला. "चार बुकं शिकलास म्हणून आईला शिकवतोस? मी दुसरीत शाळा सोडली, पण वार कळतो मला."

खरं सांगायचं तर तिच्या पोटात शूळ नव्हता, दुसरंच होतं. रेल्वेगाडीची पाच तिकिटं ठरत होती. नवरा-बायकोची दोन, पोरांची दोन आणि पाचवं कुणाचं? ओरत्तनाडूच्या महालक्ष्मीचं, म्हणजे दिव्यश्रीच्या आईचं. का, तर मोठी माणसं पोरीला घेऊन पाळण्यावर चढली की खाली कल्याणरामला धरायला कुणीतरी हवं. ज्या लेकराला जन्मल्यापासून विशालाक्षीनं न्हाऊ घातलं, त्याला धरायला ओरत्तनाडूहून माणूस मागवायचा! आणि हिला कुणी तोंडदेखलं तरी विचारावं की, अम्मा, येतेस का? नाही. तिलाही पार्क बघायचं होतं. पाणी आभाळातून खाली येतं म्हणतात, लाटा करतात म्हणतात. पण मागून घ्यायला ती काय कुणाच्या दारची भिकारीण होती?

दिव्यश्री मुळी भांडलीच नाही. मोबाइलवरून डोळा न काढता म्हणाली, "शूळ असेल तर दूध पिऊन निघावं, अम्मा. उत्तरेला दूध, पूर्वेला दही. लग्न होऊन आले तेव्हा तुम्हीच शिकवलंत."

आता बोला! आपल्याच दाराची कडी आपल्याच बोटावर. विशालाक्षी पाला उचलून आत गेली आणि भांड्यांवर राग काढू लागली.

मागच्या दारी शेजारीण नागलक्ष्मी कपडे काढत होती. आवाज ऐकून तिनं मान लांब केली. "काय अक्का, पार्काला निघाली म्हणे सगळी?"

"निघाली खरी."

"तुम्ही पण?"

विशालाक्षीनं सांबार ढवळायला घेतलं. "ओढतायत गं मला. मी नको नको म्हणते, पण ऐकतात कुठे? पोरं तर आज्जीशिवाय पाऊल उचलत नाहीत."

"नशीबवान हो अक्का. आमचे कुठे नेतात?"

झालं. आता तर न जाणं म्हणजे नागलक्ष्मीसमोर नाक कापून हातात घेणं.

जेवताना तिनं सतीशला दोनदा तूप वाढलं. विचारील, आता विचारील. तो म्हणाला, "अम्मा, आम्ही नसताना तू एकटी कशाला राहतेस? पापनाशमला मावशीकडे जा. बसमध्ये बसवून देतो."

"मी काय पार्सल आहे, बसमध्ये बसवून द्यायला?"

"तसं नव्हे गं. तिथे उन्हात तुझे हाल. पाण्यात उतरायला नायलॉनचे कपडे लागतात, साडी चालत नाही. तुला असलं आवडतं का कधी?"

दिव्यश्री लगेच म्हणाली, "आणि बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, अम्मा. तुमचा चिंचेचा पुळियोदरै भात दारातच काढून ठेवतील."

तिला काय आवडतं ते तिच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं. हरिता तमिळमध्ये काहीतरी पुटपुटली आणि उंची मोजायला दाराशी टाचा उचलून उभी राहिली. ठरावीक उंची नसेल तर पाळण्यावर घेत नाहीत म्हणे. "टाचा खाली," आई ओरडली. पोरगी रडली. कल्याणरामनं ताक सांडलं. त्या गोंधळात विशालाक्षीचं बोलणं राहूनच गेलं.

सोमवारी सकाळी राहुकाळ टळू दिला. मग तिनं एका पिशवीत दोन साड्या, टॉवेल, कंगवा आणि रक्तदाबाच्या गोळ्या भरल्या, देवापुढे हळदकुंकू लावलं आणि कुणाला न सांगता ती पिशवी नागलक्ष्मीच्या घरात, खुंटीवर टांगून आली. आली ती ओसरीवर ऐसपैस बसली.

सतीश ऑफिसला निघत होता. "अम्मा, गोळी घेतलीस?"

"गोळ्या पिशवीत. पिशवी नागलक्ष्मीकडे."

"तिच्याकडे कशाला?"

"प्रस्थान ठेवलं. माझा प्रवास आज सुरू झाला. बुधवारचा शूळ लागेल तो तुम्हाला, मला नाही. मी सोमवारी निघालेली बाई."

सतीश हातात बूट घेऊन तसाच उभा. "कुठे निघालीस?"

"कुठे म्हणजे? पार्काला."

आतून दिव्यश्री धावत आली. "अम्मा, तुमचं तिकीट नाही काढलं!"

"ते तुमचं काम. माझं काम मी केलं."

"अगं, पिशवी घरी आण आधी, मग बघू," सतीश म्हणाला.

"ठेवलेलं प्रस्थान परत उंबऱ्याच्या आत आणतात होय? अपशकुन कुणावर घालू, लेकरांवर?"

शूळ, दूध, दही सगळं ज्यांना तोंडपाठ, त्यांना हेही ठाऊक होतंच. दिव्यश्रीनं मोबाइल काढला, खाली-वर केला. "गाडी भरली. वेटिंग लिस्ट दाखवतेय. आईचं तिकीट तर काढून झालंय."

"तुझ्या आईला कुणी उतरव म्हटलंय? येऊ दे तिला. कल्याणला आम्ही दोघी धरू, एकेक हात."

सतीशनं बूट आपटला. "अम्मा, यायचं होतं तर सांगायचं होतंस! आठवडाभर वाराची भांडणं कशाला?"

"विचारायचं होतंस."

त्यानं मान खाली घालून बूट चढवला, नाडी उगाच दोनदा बांधली. दिव्यश्रीनं त्याच्याकडे पाहिलं, त्यानं दिव्यश्रीकडे. मग तो वैतागून म्हणाला, "बरं. हिला आणि पोरांना गाडीनं जाऊ दे, ओरत्तनाडूच्या आजीबरोबर. माझं तिकीट रद्द करतो. आपण दोघं, अम्मा, बसनं. सगळा दिवस बसून राहावं लागेल, सांगून ठेवतो. मग कंबर दुखली म्हणून ओरडायचं नाही."

"माझ्या कमरेची काळजी तू करू नकोस."

सतीश ऑफिसचा उशीर विसरून पायरीवर बसला आणि बसच्या जागा शोधू लागला. कपाळावर आठ्या, बोट भराभर. विशालाक्षी थोडा वेळ त्याच्या डोक्याकडे बघत राहिली.

"खिडकीची बघ," ती म्हणाली.