लिंपलेलं भोक आणि माझ्यावरचा आळ

मित्रांनो, अंगावर गंज चढलाय म्हणून नाक मुरडू नका. मी अड्याळच्या कुंताबाईच्या घरची दोन बर्नरची गॅसशेगडी आहे. सध्या गुरांच्या कोठ्यात, शेणाच्या टोपल्याशेजारी पडून आहे. माझ्यावर घरची सून जाळल्याचा आळ आहे. चौदा वर्षं ज्यांना जेवू घातलं, त्यांनीच तो घातला.

मला घरात आणलं तेव्हा कुंताबाईने हळदीकुंकू लावलं. माझ्यावर लाखोळीच्या डाळीचे वडे तळले, लग्नाच्या पाहुण्यांचा भात शिजवला. पाहुणे बोटं चाटायचे आणि कौतुक कुंताबाईच्या हाताचं करायचे. करू द्या. आग माझी होती, हे मला माहीत होतं.

मग तिच्या मुलाने, अमरने, जुनी प्रवासी गाडी विकत आणली. तिच्यात पलंग बसवले, पाण्याची टाकी बसवली. अमरकंटकला जायचं, पण वाटेत हॉटेलचं खायचं नाही, हा कुंताबाईचा हट्ट. म्हणून मला ओट्यावरून उचललं आणि गाडीत नेऊन ठोकलं. चालत्या गाडीसाठी वेगळ्या शेगड्या असतात. त्यांची ज्योत विझली की गॅस आपोआप बंद होतो. माझ्यात ती सोय नव्हती. पण मला विचारतो कोण?

कुंताबाईचे भाऊ कृष्णराव जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. ते गाडी पाहायला आले आणि वाकून पाहत राहिले.

"अमर, हा रबरी पाइप पत्र्यातून असा नेऊ नको. गाडी हालन, अन् पत्र्याची धार त्याले कापन. तांब्याची नळी घे, चांगला मिस्त्री बोलाव. अन् गॅस जड असते, खाली बसते. गाडीच्या तळाले भोक ठेव, म्हणजे बाहेर निघून जाईन."

"मामा, तुमाले चहा उकळला तरी स्फोटच दिसते," अमर हसला. मामाचं तोंड बंद व्हावं म्हणून त्याने माझ्या खाली तळहाताएवढं भोक पाडलं, वर जाळी लावली. पाइप मात्र तसाच राहिला.

निघायच्या आदल्या दिवशी कुंताबाईने गाडी तपासली. तांदळाच्या पोत्याशेजारी तिला ते भोक दिसलं. धानाच्या घरातली बाई ती. तांदळाजवळ भोक दिसलं की तिचा हात चिखलाकडेच जातो. तिने माती भिजवली, त्यात धानाचा कोंडा मिसळला आणि भोक गुळगुळीत लिंपून टाकलं.

सून रत्नमाला म्हणाली, "आई, ते मामाजीनं मुद्दाम ठेवाले लावलं ना."

"चाळीस वर्षं धान साठवाच्या ढोल्या लिपल्या मी. माह्या तांदळाले कधी उंदीर लागला? तू मले भोक शिकवते काय वं?"

रत्नमाला गप्प झाली. त्या घरात सुनेने गप्प होणं यालाच वळण म्हणतात.

गाडी निघाली. प्रत्येक खड्ड्याला पाइप पत्र्यावर घासत होता. मला कळत होतं, पण सांगणार कशी? तिसऱ्या सकाळी मंडल्याच्या पुढे गाडी थांबली. थंडीमुळे काचा बंद होत्या. रत्नमाला चहा ठेवायला आली आणि थबकली.

"काहून जी, वास येऊन राहिला."

"नव्या सिलेंडरचा असन. ठेव चहा," अमर बाहेरून म्हणाला.

तिने लायटर दाबला. मित्रांनो, आग माझ्यातून उठली नाही, खालून उठली, तिच्या पायांपासून. पाय भाजले, हात भाजले. जीव वाचला.

कापलेला पाइप अमरने काढला, पाहिला आणि नर्मदेत टाकून दिला. गावात आल्यावर कुंताबाईने सांगितलं, "शेगडीच पांढऱ्या पायाची. अन् या सुनेनं कॉक उघडा ठेवला." कृष्णरावांनी नखाने लिंपण खरवडून बहिणीला दाखवलं. ती तोंड फिरवून तांदूळ निवडत बसली. अडाणी असणं वेगळं आणि चुकलं ते कबूल न करणं वेगळं. मी दोन्ही जवळून पाहिलं आहे.

परवा अमरने गाडीत नवी काचेची शेगडी बसवली. पत्रा तोच, पाइप पुन्हा रबराचाच, आणि भोक लिंपलेलंच. रत्नमाला कोठ्यात आली. तिची बोटं आता नीट मिटत नाहीत. तिने दोन्ही तळव्यांत धरून माझी बर्नरवरची लोखंडी जाळी उचलली आणि गाडीत चढली. ठोके ऐकू आले.

"काय करून राहिली वं?" कुंताबाई ओरडली.

"भोक उघडून राहिली मी. मी कॉक उघडा नव्हता ठेवला, आई. मामाजीले बोलवा, पाइप बदला. तोवर या गाडीत मी चहा ठेवत नाही."

अमर खाली मान घालून मामाला फोन लावायला गेला. माफी कोणीही मागितली नाही.

मला भंगारात घाला, मित्रांनो, हरकत नाही. पण चालत्या गाडीत चूल मांडणार असाल तर जाणत्या माणसाकडून मांडा. आणि घरातली बाई वास येतो म्हणाली, तर चहा मागू नका. आधी काचा उघडा.