दोघांत एक प्लेट

कंपनीच्या गेटासमोर हनीफची भुर्जीची हातगाडी होती. प्लेटा मोजक्याच, म्हणून दोघांत एक असा तिथला रिवाज. मी आणि ज्ञानदेव दोघेही तळवड्याचे, एकाच शिफ्टला. गावात त्याचं घर पाटील आळीत, माझं बौद्धवाड्यात. गेटावर मात्र दोन वर्षं आमचे हात एकाच प्लेटीत होते. कारखान्यानं एवढं तरी चांगलं केलं, असं मला वाटायचं.

एका दुपारी त्याचे वडील गावाहून आले. ते दिसताच ज्ञानदेवनं तोंडातला घास गिळला आणि हात काढून घेतला.

"हनीफभाई, मला अन् तात्यांना वेगळी प्लेट द्या."

हनीफनं माझ्याकडे पाहिलं. "प्लेटा अडकल्यात, राव. कागदावर देऊ?"

बापलेक माझ्याकडे पाठ करून वर्तमानपत्राच्या कागदावर जेवले. हनीफच्या हातचं म्हाताऱ्याला चाललं. मला तर त्यानं ओळखलंसुद्धा नव्हतं. घाई ज्ञानदेवलाच झाली होती.

मी प्लेट पुसून खाल्ली. अन्नावर कशाला राग काढायचा?

दुसऱ्या दिवशी तो हसत आला आणि त्यानं पाव मोडला. मी प्लेट माझ्याकडे ओढली.

"रुसलास व्हय, भावा? तात्या जुन्या वळणाचे हायत."

"तात्यांनी काय केलं? हात तू काढलास. आज घरी सांग, तू माझ्या ताटात जेवतोस म्हणून. मग ये."

ज्ञानदेव मोडलेला पाव धरून उभा राहिला. हनीफनं न विचारता त्याच्यापुढं कागद ठेवला.