सात नंबरची बशी

चवथीच्या सुट्टीत कॉलेजात वीज जाते, फ्रिज बंद पडतो, म्हणून माझी बुरशी मी तोंडवलीला घरी आणली. हा शहाणपणा सर्वस्वी माझा.

ही बुरशी नासक्या भाकरीवरची नव्हे. भुईआवळीच्या धडधाकट पानाच्या आत, झाडाला काही त्रास न देता राहणारी. पान बाहेरून निर्जंतुक करून तुकडा काचेच्या बशीत ठेवला की आतली मंडळी हळूहळू बाहेर येतात. आमच्या मळ्यातल्या वीस झाडांच्या वीस बशांतली एकच, केशरी कडेची सात नंबरची, कामाची निघाली. विष घातलेल्या यकृताच्या पेशी तिच्या अर्काने चक्क तगल्या. माझी पीएच.डी. त्या बशीवर उभी होती.

बाजारातून परतले, तर हौसाकाकीने वीसच्या वीस बशा अंगणात उन्हात वाळत घातलेल्या.

"घासून लख्ख केलंय बघ! चवथीक घरात बुरशी? गणपती काय म्हणतलो?"

मी आधी चिडले, मग रडले. तीच बुरशी हवी तर तीच झाडं हवीत. मळ्यात भुईआवळीची शेकडो रोपं, आणि माझ्या खुणेच्या काड्या पावसाने केव्हाच वाहून नेल्या होत्या.

"मगे रडतंस कित्याक? चल माझ्यावांगडा."

काकी गावाला काविळीचा पाला देते. पाला काढण्याच्या आदल्या सांजेला झाडापुढे तांदूळ ठेवून, मुळाशी सुपारी रोवून त्याला आमंत्रण देते. आषाढात माझ्या वीस झाडांनाही तिने दिलं होतं, तेव्हा मी पोट धरून हसले होते. तांदूळ चिमण्यांनी खाल्ले, पण मुळाशी रोवलेल्या सुपाऱ्या तशाच होत्या. वीसच्या वीस! मी चिखलातच काकीला मिठी मारली.

सुट्टी असूनही प्रयोगशाळा उघडून घेतली, पानं नव्या बशांत घातली; नुसतं उगवायला फ्रिज लागत नाही. दहा दिवसांनी एका बशीत केशरी कड उमटली आणि मी एकटीच नाचले. काकी मोदकांचा डबा घेऊन बघायला आली.

"उद्या हिका कापतलंस मा?" तिने कनवटीची सुपारी काढून माझ्या हातावर ठेवली. "मगे आज इचार."

मी बशीपुढे सुपारी ठेवली, हात जोडले.

पेशी पुन्हा तगल्या. प्रबंधात 'झाडांची खूण' या रकान्यात मी लिहिलं: सुपारी. खाली काकीचं पूर्ण नाव.