मोलीचं पाणी

लाल कण… एक, त्याला चिकटलेला दुसरा, मग टाकीतल्या पाण्यावर साचलेला जाडसर थर. काचेच्या कडेला तो थर फुगून पांढुरका पडू लागला होता, आणि त्याच्याखाली काळी मोली मासोळी पंख अंगाशी मिटून जागच्या जागी थरथरत होती. पुढे सरकत नव्हती, मागे येत नव्हती. म्हणजे तो अंघोळीला गेला तेवढ्यात बायकोने पुन्हा खाणं घातलं होतं. खाण्याची डबी त्याने कपाटाच्या वरच्या फळीवर, चादरींच्या मागे दडवली होती, तरी. जेवल्याचं, झोपून उठल्याचं, मुलीचं लग्न झाल्याचंसुद्धा तिच्या लक्षात राहत नव्हतं. ती डबी मात्र तिला बरोबर सापडायची.

त्याने बाह्या सरसावल्या. जाळीने वरचा थर काढला, नळीचं एक टोक तळाच्या वाळूत खुपसलं, दुसरं तोंडात धरून श्वास ओढला—आणि नेहमीप्रमाणे थोडं पाणी घशाशी आलंच. कुजकट. बादलीत धार पडू लागली. सगळं पाणी एकदम बदलायचं नसतं, मासे दचकतात. थोडं काढायचं, तेवढंच आदल्या दिवशी भरून ठेवलेलं शिळं पाणी हलक्या हाताने ओतायचं, मोलीला मानवतं म्हणून त्यात जरासं जाडं मीठ… हे सगळं तिचंच. तो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून घरी यायचा, डोळे चुरचुरत असायचे, आणि ती टाकीपाशी उभी राहून सांगत सुटायची. तो हुं हुं करायचा. त्या हुं हुं करण्यातून एवढं कसं काय आत उतरलं होतं, कोण जाणे.

"बाबा, ती टाकी देऊन टाका ना कुणाला तरी," मुलगी काल फोनवर म्हणाली होती. "आईचं करायचं का माशांचं करायचं? तुम्ही एकटे किती पुरे पडणार?"

"बघू," तो म्हणाला होता. काय सांगणार तिला? की दिवसभर कपड्याची कड चुरगळत बसणारे आईचे हात त्या काचेसमोर शांत होतात? की मोली मेली की तो गुपचूप तशीच दुसरी आणून सोडतो, आणि मेलेली कुंडीतल्या मातीत दडपतो, आणि आताशा ती माती उकरताना त्याला काहीच… काहीच वाटत नाही?

"आलात का, भाऊ?"

ती दाराशी उभी होती. केस विंचरलेले, अर्धेच.

पहिल्यांदा तिने भाऊ म्हटलं तेव्हा त्याने मागे वळून पाहिलं होतं, दुसरं कुणी आलंय की काय म्हणून. मग हसत तिचा हात धरला, "अगं, मी आहे," म्हणाला—आणि ती भिंतीला पाठ लावून अशी किंचाळली की शेजारीण धावत आली. तेव्हापासून तो भाऊ झाला. टाकी साफ करायला येणारा, दुकानातला माणूस. भाऊ म्हटलं की ती निर्धास्त असायची.

"पाणी किती गढूळ झालंय," ती जवळ येत म्हणाली. "खाणं जरा बेतानं घालत जा, भाऊ."

"हो. चुकलं माझं."

ती वाकली. "हिला पिल्लं होणार बघा. पोट केवढं दिसतंय! वेगळी ठेवायला हवी हं, नाहीतर स्वतःच खाऊन टाकेल."

त्याने पाहिलं. जन्मभर भिंगातला केसाएवढा ओरखडा शोधणारी नजर—मोलीचे खवले उभे राहिलेले त्याला केव्हाच दिसले होते. पोट पिल्लांनी नव्हे, दुखण्याने फुगलं होतं. उद्यापर्यंत तगली तर पुष्कळ.

"होतील," तो म्हणाला. "पुष्कळ होतील."

ती एकदम सरळ झाली, दाराकडे पाहिलं, केसांवरून हात फिरवला. "हे यायची वेळ झाली."

आणि तिच्या चेहऱ्यावर ते आलं… ते हसूही नव्हतं, ओठांच्या कडेला नुसता एक उजेड. किती दिवसांत त्याने तो पाहिला नव्हता. त्याच्यासाठीच होता तो, आणि त्याच्यासाठी नव्हता.

"कसे आहेत हो ते?" त्याने विचारलं. विचारायचं नव्हतं, तोंडून गेलं.

"कसे म्हणजे? अबोल आहेत," ती लाजल्यासारखं हसली. "पण जिन्यात पाऊल वाजलं ना, की मला कळतं. इतकी माणसं चढतात-उतरतात, पण यांचं पाऊल मला कळतं."

सकाळीच तो दूध घेऊन तोच जिना चढून आला होता. तिने मान वर केली नव्हती. त्याला त्या माणसाचा हेवा वाटला, उघडा-नागडा हेवा. तो लेकाचा काही न करता, काही न निस्तरता, नुसता येणार आहे म्हणून तिला पुरत होता.

"तुम्ही निघा आता, भाऊ. त्यांना घरात परकं माणूस आवडत नाही."

एरवी तो स्वयंपाकघरात जाऊन थांबे. थोड्या वेळाने ती विसरे, मग तो बाहेर येई. आज त्याने बादली उचलली आणि सरळ दाराबाहेर पडला. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

खाली उतरून पुन्हा चढता आलं असतं. पूर्वीसारखं, दमदार, पायरी वाजवत. पण गुडघा आता ओढावा लागत होता… आणि समजा चढलो, आणि तिला कळलंच नाही तर? तेवढं एक अजून कळायचं राहिलं होतं. राहू दे तसंच.

तळमजल्यावर कुणाची तरी चाहूल लागली. पावलं वर येऊ लागली. कठड्याला धरून तो कान देऊन उभा राहिला. शेजारचं कुणी असणार, हे त्याला ठाऊक होतं. तरीही त्याला वाटत राहिलं, की यावा एकदाचा तो माणूस, धडधाकट, तिला ओळखू येणारा. हातातली बादली घ्यावी त्याने, आणि म्हणावं, जा तुम्ही आता, भाऊ.